वंशावळीसाठी कुठे जावं: कोल्हापूरचं पुराभिलेखागार की नाशिकच्या वह्या?

घराण्यात वतन किंवा इनाम असेल, तर आधी कोल्हापूरचं पुराभिलेखागारच. संस्थान 1949 साली मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणून त्याआधीचे बरेच कागद इथंच रुमालांत बांधलेले आहेत. गावाचं जुनं नाव आणि पेटा (तालुक्यासारखा जुना महसुली विभाग) लिहून न्या. नुसत्या आडनावावर रुमाल सापडत नाही, कारण जुन्या नोंदींत 'अमुक बिन (म्हणजे मुलगा) तमुक पाटील' एवढंच असतं. लिपी मोडी. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता लिहिलेली, त्यामुळे वाचणारा सोबत हवाच. बहुतेक चुका सनात होतात. फसली आणि शुहूर या जुन्या कालगणना; इसवी सन काढायला फसलीत 590-591 मिळवायचे, शुहूरमध्ये 599-600. गल्लत झाली की आजोबाच नातवाचा नातू ठरतो!

नाशिकचे तीर्थोपाध्याय, म्हणजे तीर्थावरचे पुरोहित, आलेल्या यात्रेकरूंच्या नोंदी वह्यांत ठेवतात. त्यांना मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते. पूर्वजांच्या हातच्या सह्या, भाऊ, मुलं एकाच पानावर. हे सुख दफ्तरात नाही. पण घरचं कुणी तिथं गेलंच नसेल तर पान कोरं. लेकींची नावंही बऱ्याचदा गाळलेली. कुंभमेळ्याच्या गर्दीत जाऊ नका, वही निवांत बघायला मिळत नाही.

शेतकरी घराणं, वतन नाही? मग नाशिक आधी.