आठ महिने स्कॅनर वापरल्यावर: ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा आणि आतून कुजलेली वायर

गेल्या जुलैत त्र्यंबक रोडवर, अंजनेरीच्या जवळ, भर पावसात एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी घसरून फिरू न देणारी यंत्रणा) असे दोन्ही दिवे एकदम लागले. गाडी बंद करून चालू केली की जायचे आणि सातपूर येईपर्यंत परत हजर व्हायचे. नोकरीमुळे मी रोज याच रस्त्यावर असतो आणि पावसाळ्यात हा रस्ता कसा असतो ते नाशिककरांना सांगायला नको.

वर्कशॉपमध्ये एबीएसचं अख्खं युनिट बदलायला सांगितलं. खर्च पन्नास हजारांच्या वर, आणि बिघाड नेमका युनिटमध्येच आहे हे कशावरून, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मग मी गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा, साडेसहा हजारांचा हातात धरायचा स्कॅनर घेतला. तो आठ महिने वापरून झाल्यावर हे लिहितोय.

घ्यायच्या आधी एक बघा. सात-आठशे रुपयांना मिळणारे ब्लूटूथ अडॅप्टर बहुतेक वेळा इंजिनाचे ‘पी’ कोडच वाचतात. ब्रेक आणि ट्रॅक्शनचे कोड ‘सी’ने सुरू होतात. ते आपल्या गाडीत वाचता येतात का, आणि चारही चाकांचा वेग वेगवेगळा दिसतो का, हे विक्रेत्याकडून गाडीला लावूनच पाहून घ्या.

माझ्या गाडीत कोड आला सी ००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरचं सर्किट. मी सेन्सर बदलला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि दिवेही आले. कोड ‘सर्किट’ म्हणत होता आणि मी ‘सेन्सर’ वाचला होता. सर्किट म्हटलं की त्यात सेन्सर, त्याचा कनेक्टर, दोन वायरी, युनिटची पिन आणि बेअरिंगवरची चुंबकीय रिंग (जिच्यावरून सेन्सर वेग ओळखतो) एवढं सगळं येतं.

स्कॅनरचे पैसे वसूल झाले ते लाइव्ह डेटामुळे, म्हणजे गाडी चालू असताना पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांमुळे. ट्रॅक्शन कंट्रोल चारही चाकांचे वेग सतत ताडून बघतं. इंजिनाची ताकद घेणारं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरलं, की त्या चाकाला ब्रेक लावतं किंवा इंजिनाची ताकद कमी करतं. एका चाकाचा आकडाच मिळेनासा झाला, तर ताडायला काही उरत नाही. मग ते स्वतःला बंद करून दिवा लावतं. रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर मुलाला गाडी चालवायला दिली आणि मी शेजारी स्कॅनर घेऊन बसलो. सरळ जाताना चारही आकडे बरोबरीने २५-२६ वर. उजवीकडे पूर्ण वळण घेतलं, की पुढच्या डाव्याचा आकडा थेट शून्य. चार वेळा वळलो, चारही वेळा तेच.

तिथून पुढचं काम मल्टिमीटरचं. कनेक्टर काढून व्होल्टेज पाहिलं तर चक्क १२. इथे फसायला होतं. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे कुजलेल्या वायरीतूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. आजकालचे दोन वायरींचे सेन्सर साधारण ७ आणि १४ मिलीअँपिअर अशा दोन करंटच्या फरकातून वेग सांगतात. वायरीत रोध वाढला की हा खेळ बिघडतो. (अशा सेन्सरला ओहम मोडमध्ये, म्हणजे रोध मोजायला, मीटर लावू नका. रीडिंगला अर्थ नसतो आणि सेन्सर खराब होऊ शकतो.)

आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन दादांनी बॅटरीची निगेटिव्ह काढली, युनिटचा कनेक्टर सोडवला आणि वायरीची दोन टोकं मीटरला लावली. चाक सरळ असताना एक ओहमपेक्षा कमी. “भाऊ, आता स्टेअरिंग उजवीकडे फिरवा,” म्हणाले, आणि आकडा तीनशेच्या वर उडाला. शॉकॅब्सॉर्बरजवळची क्लिप आधीच्या कुठल्यातरी कामात बसवायची राहून गेली होती. वायर घासून आवरणाला बारीक चीर पडलेली, तिथून पाणी शिरलेलं. सोलल्यावर आत तांब्याऐवजी हिरवी पूड निघाली.

जिथे वायर वाकते तिथे सोल्डर टिकत नाही. म्हणून दादांनी खराब भाग लांबपर्यंत कापला, जोड आत चेसिसजवळ घेतला, दोन्ही वायरींचा मूळ पीळ कायम ठेवला आणि नवी क्लिप बसवली. सगळं मिळून नऊशे रुपये. कोड पुसल्यावर माझ्या गाडीत दिवे लगेच गेले नाहीत. वीसच्या पुढे वेग गेल्यावर युनिटने स्वतःची तपासणी केली आणि मग विझले. उरलेला पूर्ण पावसाळा, कसारा घाटासकट, परत लागलेले नाहीत.

नंतर शेजाऱ्यांच्या गाडीत मागचं बेअरिंग बदलल्यापासून दिवा आला होता. लाइव्ह डेटात ते चाक कायम शून्य. बेअरिंग उलटं बसलं होतं. चुंबकीय रिंगची बाजू सेन्सरकडे हवी, ती बाहेर गेली होती. बेअरिंग आणताना ही बाजू मेकॅनिकला आवर्जून दाखवा, वरवर दोन्ही बाजू सारख्याच वाटतात.

आता स्कॅनरचं उणं. उन्हात पडदा दिसत नाही. चार चाकं एकत्र लावली की आकडे सावकाश बदलतात, त्यामुळे क्षणभराचा खंड निसटू शकतो. अशा वेळी संशय असलेलं एक आणि त्याच्या जोडीचं एक, एवढीच दोन चाकं निवडा. स्कॅनर गाडीच्या सॉकेटला लावून विसरू नका, सॉकेटच्या सोळाव्या पिनला बॅटरीचा पुरवठा कायम असतो, म्हणजे बॅटरी उतरू शकते. एबीएसच्या ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा काढायची सोय जाहिरातीत आहे, माझ्या मॉडेलला ती चालली नाही.

गेल्या आठवड्यापासून सरळ रस्त्यावरही मागच्या दोन्ही चाकांचा आकडा पुढच्यांपेक्षा थोडा जास्त दिसतोय. पुढचे टायर नवे आहेत, मागचे झिजून लहान झालेत, म्हणजे ते जास्त फिरणारच. तरी या शनिवारी आधी चारही चाकांतली हवा मोजणार आहे.