ब्रेकचे मास्टर सिलिंडर: किट टाकावे की नवे बसवावे?

तुळजापूरचा घाट उतरणाऱ्या भरलेल्या छोट्या ट्रकचे ब्रेक पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कोठेही ब्रेक ऑइलची गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमार्फत चाकांच्या ब्रेकपर्यंत पोहोचवणाऱ्या भागाच्या) आतील रबरी वॉशर दाब धरत नाहीत, असा संशय प्रथम घ्यावा. (मोठ्या ट्रकना बहुधा एअर ब्रेक असतात, त्यांचा विचार येथे नाही.)

किट, म्हणजे आतील रबरी वॉशरचा नवा संच, टाकणे स्वस्त पडते. परंतु त्याचा टिकाऊपणा नव्या वॉशरपेक्षा सिलिंडरच्या आतील भिंतीवर अधिक अवलंबून असतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यातून गंज धरतो आणि भिंतीवर बारीक खड्डे पडतात. नखाला जाणवेल असा खड्डा किंवा ओरखडा असल्यास नवे वॉशरही लवकरच कापले जातात. बिडाच्या सिलिंडरची भिंत हलकी घासून गुळगुळीत करून घेता येते. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला मात्र घासू नये, कारण त्यावरील संरक्षक थर निघून जातो.

नवे सिलिंडर महाग असले, तरी पिस्टन, स्प्रिंग आणि भिंत सर्वच नवे मिळते. भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तरच मी किट निवडीन, अन्यथा नवेच. दोन्ही पर्यायांत कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे ताजे ब्रेक ऑइल भरून चारही चाकांची एअर (ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा) काढावी लागते. इंजिन ऑइलचा थेंबही आत जाऊ देऊ नये, त्याने रबर फुगते.