निळ्या धाग्याची अपुरी उकल

एकामागून एक चार स्त्रियांचे खून होतात, प्रत्येकीच्या मृतदेहावर निळा धागा बांधलेला आढळतो आणि तपास ज्या अधिकाऱ्याकडे सोपवला जातो, त्याची स्वतःची बहीण अनेक वर्षांपासून बेपत्ता आहे. एवढ्या भक्कम भांडवलावर उभी असलेली ही सुमारे ४०० पानांची कादंबरी मी मोठ्या अपेक्षेने हाती घेतली. सुरुवातीची पन्नासेक पाने अपेक्षा वाढवतात. त्यानंतर मात्र कथानक असे विस्कटते की कोणता खून आधी झाला आणि कोणता नंतर, हेच उमगेनासे होते.

एका प्रकरणात तपास आणि पुढच्या प्रकरणात खुन्याचे स्वगत ही रचना सीरियल किलरच्या कथांमध्ये रूढ आहे आणि ती परिणामकारकही ठरते. येथे मात्र स्वगतांना ना काळ आहे ना स्थळ, आणि त्यांतला ‘मी’ एकच आहे की दोन, याचाही थांगपत्ता लागत नाही. एका स्वगतातील मुलगी आता पुढचा बळी ठरणार या धास्तीने वाचक पाने उलटत राहतो, आणि जवळजवळ शंभर पानांनंतर त्याला कळते की तो प्रसंग वीस वर्षांपूर्वीचा होता. याला मी धक्कातंत्र मानत नाही, कारण लेखकाने केवळ काळाचा उल्लेख दडवून ठेवलेला आहे.

सर्वांत जास्त निराशा केली ती धाग्याने. इतर खुनांत तो मनगटाला आहे, तिसऱ्या खुनात मात्र घोट्याला बांधलेला आहे. गुन्हेगारी मानसशास्त्रात खुनाची पद्धत आणि खुन्याची ‘सिग्नेचर’ (त्याची खास खूण) यांत फरक करतात: पद्धत अनुभवाने किंवा सोयीनुसार बदलते, तर सिग्नेचर मानसिक गरजेतून आलेली असल्यामुळे तिचा गाभा सहसा टिकून राहतो. त्यामुळे हा बदल दिसताच दुसरा खुनी आहे का, कोणी नक्कल करत आहे का, की खुन्याला घाई झाली होती, असे प्रश्न आपोआप उभे राहतात. शवविच्छेदन करणारे डॉक्टर ती गाठ डावखुऱ्या माणसाने बांधली असावी असे सांगतात, अधिकारी बराच वेळ तिच्याकडे पाहत उभा राहतो, आणि त्यानंतर ना घोट्याचा विषय निघतो ना डाव्या हाताचा. अखेरीस पकडला गेलेला माणूस कबुलीजबाबावर उजव्या हाताने सही करतो!

इंग्लिश रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे जे दहा नियम मांडले, त्यांतला पहिलाच असा की गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात यायला हवा. नियम मोडूनही उत्तम कादंबऱ्या लिहिता येतात. खुनी कोण हे आधीच सांगून तो असा का झाला यावर सारा भर देता येतो. पण ‘कोण’ या एकाच प्रश्नावर वाचकाला साडेतीनशे पाने खिळवून ठेवायचे आणि मग तोवर नावही न आलेला माणूस पुढे करायचा, ही वाचकाची फसवणूक आहे. तपासात पुढे दिसणाऱ्या तिन्ही अधिकाऱ्यांची नावे एकाच अक्षराने सुरू होणे ही त्यात आणखी एक भर.

लेखकाला लिहिता येत नाही, असे मात्र मुळीच नाही. दुसऱ्या बळीची आई पोलीस ठाण्यात मुलीच्या वस्तू ताब्यात घेते आणि यादीतली प्रत्येक वस्तू पुन्हा मोठ्याने वाचायला सांगते, ते दीड पान मला आजही आठवते. ती बाई पुढे कादंबरीत पुन्हा कुठेही येत नाही.