कोरल की निऑन पिवळा? सांगलीच्या उन्हाळ्यात नेलपेंट निवडताना

उन्हाळ्यात एक तरी भडक नेलपेंट घ्यायचीच असं ठरवून हरभट रोडला गेलं, की हात दोन बाटल्यांपाशी अडतो. एक कोरल, कलिंगडाच्या गरात थोडं केशरी मिसळावं तसा. दुसरा निऑन पिवळा, ताज्या लिंबासारखा. मार्चपासून मी दोन्ही आलटून पालटून लावतेय, आणि तुमचं अजून ठरत नसेल तर आधी एवढंच विचारीन: घरी स्वयंपाक कोण करतं?

दिसायला पिवळा जास्त उठून दिसतो, यात वाद नाही. गाडी चालवून रापलेल्या, सावळ्या हातावर तर तो झळकतोच. पण ही झळाळी उन्हाची आहे. निऑन रंग उन्हातले अतिनील किरण शोषून ते उजेड म्हणून परत टाकतो, म्हणून बाहेर तो पेटल्यासारखा वाटतो आणि घरात ट्यूबलाइटखाली बराच शांत होतो. कोरल घरात, दारात, लग्नात सगळीकडे सारखाच. मेंदीच्या हातावरही शोभतो.

लावायला कोरल सोपी. दोन पातळ हात दिले की झालं. निऑन पिवळी पारदर्शक असते, खालचं नख दिसतं, म्हणून आधी पांढरा थर द्यावा लागतो आणि त्यावर पिवळ्याचे दोन. इतके थर आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये जपून द्यावे लागतात. गरम हवेत, त्यातून पंख्याखाली, वरचा थर पटकन सुकतो, आतलं द्रावण अडकतं आणि बारीक बुडबुडे येतात. मी रात्री जेवणं आटोपल्यावर, पंखा बंद करून लावते. दोन थरांत दहा मिनिटं तरी जाऊ देते.

आता हळद. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या रंगाबद्दल मी वेगळं काय सांगू! मे महिन्यात कैरीच्या फोडींना लोणच्याचा मसाला चोळला. उजव्या हाताला निऑन पिवळी होती. मला वाटलं, पिवळ्यावर पिवळं, कुठे कळणार? साबण लावला तर नखांच्या कडा लालसर तपकिरी झाल्या. साबण अल्कधर्मी असतो, त्याने हळद लाल होते, हळदीकुंकवाचं कुंकूही पूर्वीपासून हळदीत चुना घालूनच करतात. पाण्याने धुतल्यावर लाली गेली, पण लिंबू रंगावर हळदीचा गढूळ पिवळा बसला तो बसलाच. पुढच्या आठवड्यात हाच उद्योग कोरलवर केला. रंग जरासा केशरीकडे झुकला, एवढंच. मुद्दाम निरखून पाहिलं तरच कळेल असं.

काढतानाही कोरलच बरी. दोन्ही भडक रंग नखाला पिवळसर झाक देऊ शकतात, म्हणून खाली बेस कोट हवाच, तो वाचवू नका. फक्त पिवळीखालचे थर जास्त, त्यामुळे रिमूव्हरचा कापूस जास्त वेळ घासावा लागतो आणि नखाभोवतीची कातडी कोरडी पडते. मी लगेच खोबरेल तेल चोळते. झाक बसलीच तर खरवडू नका. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, ती वाढीबरोबर पुढे सरकत जाते.

म्हणून रोज कणीक, फोडणी, भांडी ज्यांच्या हातात आहेत त्यांनी हाताला कोरल घ्यावी. कॉलेजच्या मुलींना, किंवा दोन दिवसांच्या कार्यक्रमासाठी, पिवळी खुशाल घ्या. तिची बाटली मात्र खिडकीत ठेवू नका, निऑन रंग उन्हाने लवकर विटतो.

मला पिवळी सोडवत नव्हती. ती मी पायाला लावली. तिथे ना हळद पोचते ना साबणाचं भांडं, आणि कोल्हापुरी चपलेच्या तांबूस चामड्यावर ती दहा नखं अशी काही दिसतात, की आता दुसरी बाटली आणलीय.