हन्नाच्या वाटीवर अण्णा (सांगलीतलं चांदीचं दुकान, अनुभव)

मिरजेच्या मैत्रिणीला मुलगी झाली, नाव ठेवलंय हन्ना, म्हणून चांदीची वाटी-चमचा घ्यायला सांगलीत सराफ कट्ट्याजवळच्या एका दुकानात गेले होते. दुकानाचं नाव टाकत नाही, माणसं चांगली आहेत उगाच कशाला. वाटी छान, कड गोल वळवलेली त्यामुळे बाळाच्या ओठाला लागणार नाही, पक्कं बिल न मागता दिलं.

घोळ झाला नाव घालताना. मी तोंडीच सांगितलं, मशीनवरच्या पोरानं ऐकलं 'अण्णा' आणि कोरून मोकळा!! आता सांगलीत दुसरं काय ऐकू येणार म्हणा, आमच्या गल्लीतच चार अण्णा आहेत.

मालक काका म्हणाले, "हे इंग्लिश नाव हाय का ओ?" म्हटलं नाही काका, हिब्रू, बायबलमधल्या शमुवेलच्या आईचं, अर्थ कृपा. मूल होत नव्हतं म्हणून ती शिलोच्या मंदिरात नुसते ओठ हलवत प्रार्थना करत होती तर तिथल्या एली याजकाला वाटलं बाई पिऊन आलीये. योहान नावात पण तोच कृपावाला शब्द आहे. मूळ हिब्रूत सुरुवातीचा ह घशातून खरवडून काढतात, तो ग्रीकमध्ये गळाला आणि झालं ॲना, म्हणजे ॲना आणि हॅना एकच. गंमत म्हणजे लूकच्या शुभवर्तमानात ८४ वर्षांची एक विधवा संदेष्टी येते, ती इंग्लिश बायबलात ॲना आणि आपल्या मराठी बायबलात हन्नाच. अमेरिकेत तर २००० साली मुलींच्या नावांत हॅना दोन नंबरला होतं.

काकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे ह खाल्ला एवढंच की, मग आमचं पोरगं लई काय चुकलं न्हाई!" यावर काय बोलणार, मलाच हसू आलं.

घासून, पॉलिश करून परत नाव घातलं, जादा पैसे घेतले नाहीत, पण दीड तास गेला आणि उन्हात धरलं की ण्णाची पुसट रेघ अजून दिसते. चमच्यावर मात्र नाव घालू नका, जागा नसते, न्ना पार चिकटलाय. पाचपैकी साडेतीन. आणि नाव कागदावर लिहूनच द्या.