‘ओरिजिनल दाखवा’ एवढंच म्हणायचं होतं

सांगायची लाज वाटते, पण सांगते. एकूण 27,899 रुपये गेले. ‘शुगर रिव्हर्सल’च्या, म्हणजे मधुमेह घालवण्याच्या, तीन महिन्यांच्या पॅकेजचे 14,999, पावडरच्या चार डब्यांचे 9,400 (2,350ला एक) आणि केसांच्या तपासणीचे 3,500. हो, केसांच्या. मानेवरचे केस कापून, पाकिटात घालून कुरिअर केले मी. हसा.

बँकेत 31 वर्षं काढली. नुसती झेरॉक्स बघून कधी कुणाचा कागद पुढे सरकवला नाही. आणि हे पॅकेज विकणाऱ्या ‘न्यूट्रिशनिस्ट’ बाईने व्हिडिओ कॉलवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट धरलं, सोनेरी शिक्का, लाल रिबन, तर मी मान डोलावली. खाली ‘पार्टिसिपेशन’ लिहिलं होतं. मी ते वाचलं. वाचलं! ‘दोन दिवसीय कार्यशाळा’ हेही वाचलं. तेवढ्यात ती म्हणाली, “काकू, रात्री पायांची आग होते का हो?” होत होती. घरात कुणी विचारलं नव्हतं. संपलं तिथेच.

मी काही अडाणी नाही. तिच्या नावाआधी ‘डॉ.’ होतं, सोसायटीतल्या दोघींची वजनं उतरली होती, डब्यावर एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर होता. तो खाद्यपदार्थ विकायचा परवाना. त्याने साखर उतरते असं कुणी लिहून दिलेलं नसतं, हे आता कळलं. तिने गोळी निम्मी करायला लावली. सहाव्या आठवड्यात उपाशीपोटी साखर 268. गोळीला हात फक्त डॉक्टरांनी लावायचा, बाकी कुणीही नाही!

मग खेटे. चौकीत म्हणाले, “पैसे तुम्हीच पाठवलेत ना?” अन्नवाल्यांकडे गेले, तर डब्यात भेसळ असेल तर बघू, सल्ल्याचं आमच्याकडे येत नाही. ग्राहक तक्रारीचा नंबर मिळाला आणि 19 दिवसांनी ‘निकाली’ असा मेसेज. काय निकाली? कुणाची निकाली? मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954च्या मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, तो कागद छापून नेला. “पण ही पावडर औषध कुठंय मॅडम?” म्हणत साहेबांनी त्याच्यावर चहाचा कप ठेवला. गोल डाग पडलेला तो कागद अजून माझ्या पिशवीत आहे.

‘न्यूट्रिशनिस्ट’ची पाटी कुणीही लावतं. ‘आरडी’, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन, आहात का, विचारा. इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा असते, त्याआधी आहारशास्त्राचं शिक्षण आणि हॉस्पिटलमधली इंटर्नशिप. नोंदणी क्रमांक मागा आणि स्वतः पडताळा. चिडले तर फोन ठेवा. सल्ला देणाराच डबे विकत असेल तर उठाच. आणि पावती घ्या. माझ्याकडे नुसते स्क्रीनशॉट आहेत.

दोन डबे अजून सील न फोडता पडलेत. परत घेत नाहीत. मुलाला फक्त 14,999चं सांगितलंय. हे वाचलं तर बाकीचं कळेलच त्याला.