लकव्यानंतर स्टेअरिंग: तालुक्याचा कागद की नागपूरची फेरी?

लकवा येऊन गेला, हातपाय बऱ्यापैकी परत आले आणि आता खुंटीवरची किल्ली खुणावते. अशा माणसापुढे आमच्या यवतमाळकडे दोन वाटा असतात: तालुक्याच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट, नाहीतर नागपूरला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्यांकडून, तपासणी. मी दोन्ही करून बसलोय, याच क्रमाने.

तालुक्याचं काम सुटसुटीत. चाळिशीनंतर लायसन्सला नमुना १-अ लागतोच, तोच हा कागद. बीपी, हाताची पकड, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, सही. दुपारच्या जेवणाला घरी. डॉक्टरांना दोष देत नाही, बाहेर ही रांग होती.

खटकलं ते जेवताना. चार दिवस मी बायकोमागे लागलो होतो, भाजी सपक आहे, चटणी तरी वाढ. शेवटी ती वैतागली, "अहो, वाढली तर हाये!" होती खरी. मीठ, लिंबू, चटणी, ताटाची अख्खी डावी बाजू जशीच्या तशी. मेंदूच्या उजव्या भागाला लकवा बसला की असं होऊ शकतं म्हणे. डोळे शाबूत, पण डावीकडचं ध्यानातच येत नाही. तक्ता समोर होता, म्हणून मी तो खाडखाड वाचला. आणि आपल्या रस्त्याची डावी बाजू म्हणजे सायकली, शेळ्या, कापसाच्या बैलबंड्या.

नागपूरला अख्खा दिवस जातो, तोही ऐन वेचणीत, सोबत पोरगा अडकतो. वर शाळेत घातल्यासारखं वाटतं: घड्याळ काढा, कागदावरचे सगळे तारे खोडा, आकडे आणि अक्षरं १-अ-२-ब अशी आळीपाळीने जोडत चला. मी दोनदा चिडलो. पण तिथल्या बाईंनी समोर बसून दोन्ही हात फाकवले आणि बोटं हलवली. माझ्या डावीकडचं एकटं हललं की मला दिसायचं. दोन्ही एकदम हलली की फक्त उजवं. बोट तेच, जागा तीच! मागून येणारा ट्रक आणि डावीकडची बंडी काही पाळीपाळीने येत नाहीत.

तिसरी वाटही आहे, पोराला शेजारी बसवून पांदणीवर चालवून पाहायचं. त्यात सगळेच पास होतात.

लकवा हलका असेल, हातापुरताच असेल, तर तालुक्याचं पुरतही असेल. मी काही डॉक्टर नाही. ब्रिटनमध्ये म्हणे कार निदान महिनाभर बंद, ट्रक-बस वर्षभर. आपल्याकडे ते ज्याच्या त्याच्यावर. तरी एक सुचवतो, कुठेही गेलात तरी ती दोन बोटांची तपासणी मागून घ्या.

माझी पुढची तारीख संक्रांतीनंतरची आहे. तोवर बोलेरो पोरगा चालवतो. मी डावीकडच्या सीटवर बसून डावीकडे जे दिसेल ते मोठ्याने सांगत जातो: सायकल, बाभूळ, म्हैस. परवा एक म्हैस त्याने सांगितली.